पंपरूममागची बिनपाण्याची बाग

४ मे, रविवार
सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी हर्षदभाई आले. न सांगता आले आणि पंखा लावा म्हणाले नाहीत, म्हणजे बातमी वाईट. टँकरचं पाणी आता फक्त घरात वापरायला. पंपरूममागच्या बागेचा नळ बंद. सप्टेंबरच्या जनरल मीटिंगमध्ये तिथे पेव्हर ब्लॉक टाकून स्कूटरचं पार्किंग करायचा विषय येणार. म्हणाले, काकी, तोपर्यंत तिथे हिरवं काही दिसलं तर बघू. बघू म्हणताना चहाच्या कपात बघत होते.

बाग ह्यांची होती, मान्य. हायड्रेंजिया, फर्न, गुलाब, सगळी पाणी ढोसणारी मंडळी. हे गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी गेले. झाडं मार्चपर्यंत टिकली. मी भावनेत अडकणारी बाई नाही. पण माती आहे ती माती राहावी, एवढंच माझं म्हणणं आहे. तत्त्वाचा प्रश्न आहे.

ठरवलं. पाणी न लागणारी, इथल्याच मातीतली झाडं लावायची. सप्टेंबरपर्यंत जंगल करून दाखवते.

९ मे, शुक्रवार
वाचनालयातून जाडजूड पुस्तक आणलं. नववीनंतर माझी शाळा सुटली, वाचन सुटलं नाही. दोन्ही वेळचा स्वयंपाक एकाच वेळी करून टाकला आणि वाचत बसले. एका माणसाचा स्वयंपाक तो काय.

पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. आपली झाडं पावसाळा संपल्यावर आठ महिने पाण्याशिवाय काढतात. ऊन, वारा, वाळवी, गुरं, कशालाच दाद देत नाहीत. रुईला तर शेळीसुद्धा तोंड लावत नाही. मुलुंडला शेळ्या नाहीत, पण खात्री असलेली बरी.

निवड केली: बेल, रुई, शमी, आपटा. आघाडा आपोआप उगवतो, त्याला हाकलायचा नाही. निवड पूर्ण शास्त्रीय आहे.

१५ जून, रविवार
चेकनाक्यापुढच्या नर्सरीत गेले. नर्सरीवाला अरेका पाम दाखवत होता. म्हटलं, नेटिव्ह पाहिजे. तो म्हणाला, तुमचं नेटिव्ह कुठलं? मालवणकडचं सांगितलं. त्याने सुपारी दाखवली. शेवटी पुस्तक उघडून त्याच्यापुढे धरलं. माझी झाडं मागच्या बाजूला, कचऱ्याशेजारी होती. कंबरेएवढी, जोमदार. ती कोणी विकत घेत नाही म्हणाला. मला फार बरं वाटलं. अशीच पाहिजेत.

संध्याकाळपर्यंत लावून झाली. रेवतीचा बोरिवलीहून फोन. आई, तुझी कंबर. म्हटलं, कंबर ठीक आहे. आई, तू इकडे राहायला ये ना गं. म्हटलं, सप्टेंबरनंतर बघू. मुलगी आहे, काळजी करणारच. पण तिला वाटतं मी हे बाबांसाठी करते. तिला पाण्याचा प्रश्न समजलेला नाही.

२९ जून, रविवार
सगळ्यांनी जीव धरला. रुईला नवी पानं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सकाळी बघितलं. दुपारी बघितलं. संध्याकाळी कांदा चिरताना बघितलं. निरीक्षण महत्त्वाचं असतं.

५ जुलै, शनिवार
रुईची निम्मी पानं गायब. कीड असावी. पण कीड देठापासून खुडत नाही. वॉचमन चंद्रप्रकाशला विचारलं. तो म्हणाला, काकी, शनिवार है ना. हनुमानजी की माला. ए विंगवाले ले गये, बी विंगवाले ले गये. मैंने सिर्फ ग्यारह पत्ते लिये.

पुस्तकात म्हटलंय की छाटणीने झाड भरतं. तेव्हा ही छाटणीच समजायची.

१२ जुलै, शनिवार
परत छाटणी.

१३ जुलै, रविवार
पाटी लावली. पाने तोडू नयेत.

१९ जुलै, शनिवार
पाटी जागेवर. पानं नाहीत. तळमजल्यावरच्या नाईकांना रंगेहाथ पकडलं. म्हणाले, वहिनी, पाटी वाचली ना, म्हणून तर फक्त पूजेपुरतीच घेतोय. पाटीखाली ‘पूजेसाठीसुद्धा’ असं वाढवलं. संध्याकाळी कोणीतरी पाटीला नमस्कार करून गेलं म्हणे.

२८ जुलै, सोमवार
पहिला श्रावणी सोमवार. सात वाजता खिडकीतून पाहिलं तर बेलाशी रांग. खरोखरची रांग. पुढच्याला मागचा सांगतोय, तीन पानांचं बघून घ्या हो.

खाली गेले. रांगेत पहिली उत्तरा. समोरच्या दारातली, पस्तीस वर्षांपासूनची मैत्रीण. म्हटलं, तू पण? ती म्हणाली, अगं माणिक, किती छान केलंस! स्टेशनबाहेरच्या त्या शिळ्या जुड्या आणायचा त्रास गेला. सगळी सोसायटी तुला दुवा देतेय. म्हटलं, दुवा नको, पानं ठेवा. मीटिंगला दाखवायचीत. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, पण तू लावलीसच मुळी पत्रीची झाडं. बेल, शमी, रुई, आघाडा. मला वाटलं, मुद्दाम लावलीस. दर वर्षी गणपतीला पत्री निवडून द्यायला आम्ही तुझ्याकडेच यायचो की गं.

घरी आले. पुस्तक उघडलं. बरोबर आहे. एकूण एक झाड कुठल्या ना कुठल्या देवाचं. चाळीस वर्षं ही पानं हाताखालून गेली आणि माझ्या लक्षात आलं नाही. हे गेल्यावर देवघर रेवतीकडे देऊन टाकलं. त्यानंतर ह्या गोष्टी डोक्यातून गेल्या असतील. वय झालं की होतं असं.

काही हरकत नाही. आता देवांना न लागणारी झाडं लावायची.

१ ऑगस्ट, शुक्रवार
देवांना न लागणारं झाड शोधतेय. अवघड आहे. आपल्याकडे देव पुष्कळ आणि आवडीनिवडी पाठ केलेल्या. शेवटी सापडली: अडुळसा आणि निर्गुंडी. पाणी जवळपास लागत नाही, वास उग्र, देवाचा संबंध नाही. झकास.

१० ऑगस्ट, रविवार
अडुळसा संपला. सोसायटीत खोकल्याची साथ आहे. दिवसभर जिन्यात काढ्याचा वास. निर्गुंडीचं दुसऱ्या मजल्यावरच्या गुडघ्यांना कळलंय. त्या बाई लंगडत आल्या आणि शेंडे घेऊन बऱ्यापैकी चालत गेल्या. देवाला नको ते गुडघ्याला हवं. मी काय करू? गुडघे खरंच दुखतात त्यांचे. माझेही दुखतात. थोडी मीही आणली होती, पण ती माझी बाग आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार
काल थोर लावला. तीन कोपऱ्यांत. काटे आणि चीक. आता या म्हणावं.

१७ ऑगस्ट, रविवार
कोणी हात लावला नाही. पूर्ण यश.

१९ ऑगस्ट, मंगळवार
हर्षदभाई आले. काकी, सी विंगची कंप्लेंट आहे. काटेरी झाड बिल्डिंगला चांगलं नाही, वास्तूमध्ये प्रॉब्लेम. दोन घरांत भांडणं वाढली म्हणतात. म्हटलं, ती दोन्ही घरं माझं लग्न व्हायच्या आधीपासून भांडतायत. ते हसले. खूप हसले. मग म्हणाले, उद्या माणूस पाठवतो, काढून नेईल.

उत्तराला सांगितलं. ती म्हणाली, जाऊ दे गं, सणासुदीला काटे कशाला? म्हटलं, तू कोणाच्या बाजूने आहेस? म्हणाली, तुझ्याच. आणि शमी आहे ना थोडी? मंगळवार आहे.

२४ ऑगस्ट, रविवार
निर्धार. गणपती तीन दिवसांवर. स्वतः राखण करणार. हर्षदभाईंच्या मुलीने, दिशाने, मोबाइलवर पोस्टर करून दिलं: झाडांनाही जीव असतो. गोड मुलगी. कॉलेजात आहे. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. छत्तीस नमस्कार आले, चार अंगठे. काम झालं.

२६ ऑगस्ट, मंगळवार
आज हरतालिका. सकाळी सहापासून छत्री घेऊन बागेत उभी. बायका येत होत्या, मला बघून थांबत होत्या. पहिलीला नाही म्हटलं. दुसरीला नाही म्हटलं. तिसरी सी विंगमधली नवी लग्न झालेली श्रुतिका. पहिलीच हरतालिका, सासूने पाठवलेली, हातात स्टीलचं रिकामं ताट. तिला कुठलं पान कुठलं तेच माहीत नव्हतं. विचारत होती, काकू, आघाडा कुठला? मोबाइलमध्ये फोटो बघत होती आणि तो चुकीचा होता.

मी तिला आघाडा दाखवला. मग शमी. मग बेल कसा धरायचा ते. तोवर पाठीमागे बाकीच्या आल्या. म्हटलं, अहो असं ओरबाडू नका, फांदी मोडेल, थांबा. प्रत्येकीच्या ताटात मीच पत्री लावून दिली. उद्याच्या गणपतीची एकवीस पानंसुद्धा. जी कमी पडली त्यांच्याऐवजी दूर्वा कशा चालतात तेही सांगितलं. नऊ वाजेपर्यंत चाललं होतं. बोलून बोलून घसा बसला.

वर आल्यावर खिडकीतून पाहिलं. काड्या.

नियंत्रित तोडणी झाली असं म्हणता येईल.

२८ सप्टेंबर, रविवार
जनरल मीटिंग, क्लब हाउसमध्ये. भाषण लिहून नेलं होतं. मुंबईचं हवामान, पाण्याची पातळी, स्थानिक वनस्पतींचं महत्त्व. हर्षदभाईंनी पडद्यावर बागेचा फोटो दाखवला. सात काड्या आणि एक पाटी. म्हणाले, काकीने खूप मेहनत केली. टाळ्या झाल्या. मनापासून झाल्या, ते मला कळतं.

मी उभी राहिले. म्हटलं, ही झाडं पाण्यावाचून मेलेली नाहीत. आजपर्यंत एक तांब्यासुद्धा घातलेला नाही. त्यांना फक्त एक वर्ष हात लावू नका, मग बघा. नाईक म्हणाले, वहिनी, झाडं उत्तमच होती, प्रश्नच नाही. पण आता त्यांना पानं कुठे आहेत? सगळे हळहळले. उत्तराने डोळे पुसले. मग मतदान. हात वर झाले. उत्तराचा हात अर्धा. तो मोजला.

कागदावरचं दुसरं पान वाचायचं राहिलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार
दसरा. आपट्याच्या उरल्यासुरल्या पानांचं सोनं झालं. दुपारपासून माणसं घरी येत होती. काकी सोनं घ्या, वहिनी सोनं घ्या. माझ्याच झाडाचं. हर्षदभाई जोडीने आले, वाकून नमस्कार केला, म्हणाले, आशीर्वाद द्या. दिला.

संध्याकाळी टेबलावर ढीग झाला. पहिल्यांदाच सगळी पानं एका जागी पाहिली. झाड चांगलंच भरलं होतं की.

११ ऑक्टोबर, शनिवार
पेव्हर ब्लॉक बसले. राखाडी आणि लाल. चंद्रप्रकाश विचारत होता, काकी, अब शनिवार को पत्ता कहाँ मिलेगा? म्हटलं, स्टेशनबाहेर.

१९ ऑक्टोबर, रविवार
पार्किंगच्या जागांची सोडत. प्रत्येक फ्लॅटची चिठ्ठी. माझ्याही नावाची होती, मला माहीतच नव्हतं. चौथी चिठ्ठी माझी निघाली. पंपरूममागे, भिंतीकडची जागा. जमिनीवर पांढऱ्या रंगात माझा फ्लॅट नंबर लिहिणार आहेत.

तिथे कुंडी ठेवेन म्हटलं. हर्षदभाई म्हणाले, काकी, रूल आहे, ओन्ली व्हेइकल. रेवती फोनवर म्हणाली, भाड्याने दे. मी म्हटलं, विचार करते. स्कूटी शिकायचं मनात आहे. चौसष्ट हे काही फार वय नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार
रंग वाळला. संध्याकाळी सहा वाजता घरातली प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली गेले आणि माझ्या जागेत बसले. जागा माझी आहे, बसायला मनाई असल्याचं कुठे लिहिलेलं नाही. उजेड चांगला होता. ह्या वेळेला इथे असा उजेड असतो हे मला वरून कधी कळलं नव्हतं. ब्लॉकखाली माती असणारच. कुठे जाणार?

पंधराएक मिनिटं बसले असेन. दिशा स्कूटरवरून आली. सगळ्या जागा भरलेल्या. दोनदा गोल फिरली. मग माझ्यापुढे येऊन इंजिन चालूच ठेवून थांबली, आणि अगदी अदबीने विचारलं, काकी, निघताय का?

निघते म्हटलं.