ते हात मला ठाऊक होते

गुरुजी,

आज रविवार, १४ जानेवारी १९६८, सकाळचे साडेनऊ. संक्रांत म्हणून बिडी कारखाना बंद आहे. आत्तापर्यंत अंगणात उन्हात बसून मुलीला तेल लावत होतो. ती दीड वर्षाची आहे. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तेल लावताना मी तिची पाठ, कोपरं, गुडघ्यांमागची जागा पाहतो, कुठे फिकट चट्टा तर नाही ना. रोज पाहतो. बायको म्हणते, "पोरीले तेल लावून राह्यले का तपासून राह्यले?" मी हसतो आणि पुन्हा पाहतो.

तुम्ही वारल्यावरही सहा वर्षं मी आपलं काम केलं. सातवीत शाळा सुटलेल्या मला तुम्ही कुष्ठरोगाचा चट्टा ओळखायला शिकवलंत, रोग्याला डोळे मिटायला सांगून पिसानं बधिर जागा शोधायला शिकवलंत. काम सोडताना मी सगळ्यांना सांगितलं की पगार पुरत नाही. खरं म्हणजे बायकोला दिवस गेले होते आणि मला भीती वाटत होती.

हट्टा गावची ती बाई तुम्हाला आठवत असेल. पहिल्याच दिवशी मी तिच्या पायाची जखम धुतली आणि तिच्या दारातच साबणानं दोनदा हात धुतले. तुम्ही तिथे बोलला नाहीत. सायकली ढकलत बावडीपाशी आलो तेव्हा थांबलात. "हात धुवाचे तं धू, धुवाच लागतात. पण तिच्यासमोर काहून धुतले? तिच्या नवऱ्यानं असेच धुतले असन, मंग तो निघून गेला." तुम्ही पुढे, मी मागे, मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मी तुमच्या सदऱ्याच्या पाठीकडेच पाहत होतो.

आठ वर्षं तिनं गोळ्या घेतल्या. शेवटची मीच दिली. डॉक्टर म्हणाले, रोग गेला. तिनं मला विचारलं, "मंग बोटं काहून सरळ नाही झाली, भाऊ?" मी म्हणालो, वाकलेली बोटं तशीच राहतात. ती हसली. "म्हणजे पाहुणा गेला, पण खाट मोडून गेला."

काल ती कारखान्यात आली. आता ती बालाघाटला भावाकडे राहते. दोन आठवडे तिनं घरी वळलेल्या बिड्या भाची आणून देत होती, म्हणून मला कळलं नव्हतं. मी बिड्या तपासतो, शेजारी सट्टेदार, म्हणजे बिड्यांचा ठेकेदार, बसतो. आधी काय करत होतो ते मी तिथे कुणालाच सांगितलेलं नाही. दुकानात हिशेब लिहीत होतो, असं सांगितलं आहे. ती सूप घेऊन पुढे आली. "अगाई, भाऊ, तुम्ही..." आणि माझा चेहरा पाहून थांबली.

सट्टेदारानं विचारलं, "पहचानती है?"

"नाही जी. दुसरेच वाटले मले."

सुपातून बिड्यांचे कट्टे काढताना तिचा पदर हातावरून सरकला. सट्टेदार ओरडला, "ये हाथ! अरे, लोग मुँह में लगाते हैं बीड़ी। उठा ये सब, उठा!"

मला एवढंच म्हणायचं होतं की ही बरी झाली आहे. पण पुढचा प्रश्न मला विचारला गेला असता, तुला कसं माहीत? मी मान खाली घालून एकच कट्टा दोनदा मोजला. ती खाली सांडलेली तेंदूची पानंसुद्धा गोळा करत होती.

"बरी झाली मी, जी. डाक्टरनं सांगतलं."

"कौन डॉक्टर? है कोई गवाह?"

तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं असतं तरी पुरे होतं. तिनं पाहिलं नाही. सूप काखेत घेऊन गेली.

तिच्या भावाचं घर इथून दहा मिनिटांवर आहे, आणि आज सुट्टी आहे. मी जाणार नाही. हे पत्र घरच्या पेटीतच ठेवीन. तुम्ही नसताना टाकणार तरी कुठे?

एक सांगायचं राहिलं. सट्टेदार फक्त "नाम काट दो" म्हणाला होता. कारण लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. रजिस्टरातला कारणाचा रकाना रिकामा बरा दिसत नाही म्हणून मी माझ्या मनानं लिहिलं, 'स्वतःहून काम सोडले.' लिहिताना एकही चूक केली नाही, गुरुजी.