मुख्य रंग

४ मार्च

पोपटी नको! आजवर एवढंच ठरलंय. तेही मीच ठरवलं.

सकाळी वेबसाइटवाल्याचा पुन्हा फोन — "मॅडम, मुख्य रंग कळवा. लोगो, बटणं, सगळं त्यावरच बसवायचंय." काय कळवू, कपाळ माझं! त्याने पाठवलेले रंगांचे चौकोन ताईपुढे धरले. गडद हिरवा, मोहरी, विटकरी, राखाडी. ताई एका खुर्चीच्या बैठकीला कापड ताणून खिळे ठोकत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला आवडेल तो."

तुला आवडेल तो! हे बोलतंय कोण? जुन्या सोफा-खुर्च्यांना नवं कापड चढवायचं आम्हा दोघी बहिणींचं दुकान, आणि निळ्यात जरा जांभळी झाक दिसली म्हणून अख्खा तागा परत पाठवणारी ही बाई! दुकानात कात्री कुठल्या खिळ्याला टांगायची तेसुद्धा तिनेच ठरवलेलं. मी अजून तिथेच टांगते.

६ मार्च

विटकरी — "बरा आहे." हिरवा — "तोही बरा." भिंतीशी बोलले असते तर निदान प्रतिध्वनी तरी आला असता. वेबसाइटची कल्पना माझी ना, म्हणून हे नाटक. अगं, मग सरळ नको म्हण!

७ मार्च

दिवसभर समोरासमोर बसून एकच सोफा शिवला. "सुई दे." "घे." बोलणं संपलं.

९ मार्च

आज डोकंच फिरलं. वेबसाइटवाल्याला सांगितलं, भडक गुलाबी लावा आणि जोडीला पिवळा. "मॅडम, नक्की ना?" म्हणे. नक्की! त्याने नमुना पाठवला. डोळ्यांत खुपेल असा. नेऊन ताईच्या नाकासमोर धरला. आता तरी भडकेल, माझ्या सात पिढ्या उद्धरेल, फोन हिसकावून घेईल!

तिने बघितलं. बराच वेळ बघत राहिली. "छान आहे," म्हणाली आणि हात धुवायला आत गेली.

छान?! मी कात्री टेबलावर आपटली. मागून ओरडले, "धंदा दोघींचा आहे की माझ्या एकटीचा?" आत नळ चालूच. तिचा इतका राग मला जन्मात आला नव्हता. रडूही आलं — पण रागाचंच.

१० मार्च

ताई चाललीय. भावोजींची बदली झालीय, घरदार हलवणार. तिला कधीपासून माहीत होतं, मला सांगायचा धीर होत नव्हता म्हणे.

"मग एक रंग सांगून जायला काय झालं होतं तुला?"

"मी सांगितला असता तर तू जन्मभर तोच ठेवला असतास."

ठेवलाच असता! म्हणून तर जास्त राग येतोय.