क्रेनवाल्याचं पोट

१३ मार्च, मंगळवार

कॅज्युअल्टीची काच फुटली. सोनोग्राफीचं मशीन फुटलं. यांचा जबडा फुटला — दोन ठिकाणी.

पहिल्यापासून लिहिते.

सकाळी एक म्हातारा आणला होता. पोटदुखीने गडबडा लोळत होता, आणि पोट दाबून बघावं तर लोण्यासारखं मऊ. फिजिशियन म्हणाला, अपचन. मी म्हटलं, माणूस एवढा तळमळतो आणि हाताला काहीच लागत नाही, तेव्हा आतडं मरत असतं. टेबलावर घेतला. यांनी भूल दिली, मी उघडलं. सगळं आतडं काळं. रक्त पोचणं कधीच थांबलेलं. इथवर आणायला घरच्यांनी दोन दिवस लावले होते. काढायचं म्हटलं तर काय काय काढणार? शिवून बंद केलं. दुपारी गेला.

बाहेर त्याचा मुलगा. बांधकामावर क्रेन चालवतो म्हणे. दाराएवढा रुंद. मी सांगायला गेले, तर मला वाक्य पुरं करू देईना. "फाडलंत आणि शिवलंत? पोत्यासारखं?" एवढंच म्हणाला आणि सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला.

सिस्टरने मला चादरींच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. मी आत, अंधारात, बाहेर नुसता कल्लोळ. काच. लोखंड. मग यांचा आवाज — "अहो, आधी बसा, बसून बोलू —" आणि मग हाडाचा आवाज. हाडाचा आवाज मला ओळखू येतो, दुर्दैवाने.

बराच वेळ आरडाओरडा. दार उघडलं तेव्हा हे भिंतीला टेकून बसलेले. ओंजळीत रक्त, रक्तात दोन दात. क्रेनवाल्याला पोलिसांनी नेलं होतं. वॉर्डबॉयनी त्याला पकडून ठेवलं म्हणून बरं, असं सिस्टर म्हणाली. मीही म्हटलं, बरं झालं.

१४ मार्च, बुधवार

यांचे दात तारांनी बांधले. वरचे खालच्यांना. सहा आठवडे असंच. बोलायचं ते दातांतल्या दातांत, जेवण म्हणजे नळीने पेज.

लेकीचा फोन. "आई, पुरे झालं आता. सोडा दोघं ती नोकरी." बघू म्हटलं. तिला काय सांगणार, वीस वर्षं एकाच टेबलाच्या दोन टोकांना उभे राहून संसार केलेली माणसं आम्ही. घरातल्यापेक्षा तिथे जास्त बोललो असू.

आज एका अपेंडिक्सच्या वेळी हातात सुरी असताना डोळ्यांपुढे क्रेनवाला आला. त्याला उघडत होते मी. भूल न देता. गळ्यापासून खाली, सावकाश. तो ओरडत होता आणि मला बरं वाटत होतं. सुरी हातात असताना असलं मनात येऊ नये. आलं. इथे लिहून टाकते, म्हणजे दुसरीकडे कुठे सांडणार नाही.

१५ मार्च, गुरुवार

हे झोपेत हात झाडतात. एक माझ्या बरगडीवर बसला.

१६ मार्च, शुक्रवार

त्यालाच आणला! हातात बेडी, सोबत हवालदार. पोटात दुखतंय म्हणे कालपासून.

सगळ्या वॉर्डला एकदम कामं आठवली. त्याच्या कॉटजवळ कुणी फिरकेना. सिस्टर म्हणाली, "नाटक आहे, मॅडम. कोठडीपेक्षा कॉट बरी." मलाही तसंच वाटावं, असं फार वाटत होतं.

"कुठं दुखतंय?" मी विचारलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

त्याने डाव्या बरगड्यांखाली हात ठेवला. मग तोच हात डाव्या खांद्यावर नेला.

"खांद्याला काय झालं?"

"काय माहीत. आडवं पडलं की ठणकतो."

इथे माझा राग जरा बाजूला झाला. खांदा ठणकतो आणि खांद्याला काहीच झालेलं नसतं, तेव्हा पोटात डोकवायचं असतं. डाव्या बरगड्यांच्या आड प्लीहा असते, मूठभर, रक्ताने भरलेली. ती फाटली की रक्त वर श्वासाच्या पडद्याला लागतं आणि कळ खांद्यात येते. कधी कधी मार बसल्या दिवशी नुसती तडकते आणि दोन-चार दिवसांनी फुटते. पण मार बसायला हवा. धट्ट्याकट्ट्या माणसाची प्लीहा आपली आपण फुटत नाही.

"कुणी मारलं?"

"पडलो."

"कुठं पडलास?"

"पडलो म्हटलं ना." आणि नजर दाराकडे. दारात वॉर्डबॉय उभे.

हवालदार म्हणाला, "मॅडम, पोराबाळांची शपथ. बोट लावलं नाही त्याला. डॉक्टरला मारलंय, पेपरवाले टपून बसलेत, कोण कशाला आग अंगावर घेईल?" मला ते खरं वाटलं. शिवाय अंगावर एक वळ नाही. पाठ, कुशी, पोट, सगळं उलटसुलट करून बघितलं. कातडी स्वच्छ.

सिस्टरला विचारलं. वॉर्डबॉयना विचारलं. मंगळवारी पकडताना काही धक्काबुक्की? "छे, मॅडम. नुसता धरून ठेवला."

फिजिशियन म्हणतो, दारू तुटली की असंच होतं. सोनोग्राफी केली असती तर चटकन कळलं असतं, रक्त आहे की नाही. मशीन कुणी फोडलं? यानेच! करावं तसं भरावं म्हणतात. हसू आलं, आणि मग हसल्याचीच किळस आली.

हॉस्पिटलचे मोठे साहेब माझ्या खोलीत येऊन दार लावून बोलले. "मोठ्या हॉस्पिटलात पाठवून द्या. चार तासांचा रस्ता आहे. वाटेत गेला तर वाटेत गेला. तुमच्या टेबलावर गेला तर लोक काय म्हणतील? नवऱ्याचा सूड घेतला म्हणतील. आणि उघडून आत काही निघालं नाही, तर तेच म्हणतील."

खरं आहे त्यांचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

उघडावं, असं आतून वाटतंय. पण बुधवारी याच 'आतून'ने त्याला गळ्यापासून फाडला होता. त्याच्या पोटात रक्त आहे म्हणून उघडायचंय, की मला रक्त बघायचंय म्हणून? इतक्या वर्षांत हा प्रश्न कधी पडला नव्हता. नाडी शंभरच्या आत आहे. सकाळपर्यंत थांबते.

१७ मार्च, शनिवार

नाडी एकशेवीस. ओठ पांढरे. रक्ताची टक्केवारी कालच्यापेक्षा बरीच खाली. आता ही केस चार तासांच्या रस्त्याची राहिली नाही.

जुनी युक्ती केली. लांब सुई पोटात डावीकडून घातली आणि पिचकारी ओढली. लाल. पण रक्तवाहिनीत सुई गेली तरी लालच येतं. म्हणून ते बशीत काढलं आणि बघत बसले. वाहिनीतलं असेल तर गोठेल. पोटात साठलेलं आधीच गोठून चुकलेलं असतं, उरलेलं पातळ रक्त पुन्हा गोठत नाही. फिजिशियन शेजारी उभा होता. बशी कलती केली. पाण्यासारखं वाहिलं.

फिटली शंका. उघडायचं! एवढं हलकं वाटलं की रडूच आलं. मला रक्त हवं होतं म्हणून नाही. तिथे ते होतं म्हणून.

पण भूल कोण देणार? दुसरा भूलतज्ज्ञ रजेवर. मी फोन लावतेय, तोच हे दारात. बूट घातलेले, टोपी चढवलेली. दातांतून म्हणाले, "मी देतो."

सिस्टरने पदर डोळ्यांना लावला. मोठ्या साहेबांनीसुद्धा वाट सोडली. मला काय वाटलं ते सांगते — अशा माणसाशी माझं लग्न झालंय, याचा मला त्या क्षणी गर्व वाटला. आयुष्यात इतका कधी वाटला नव्हता.

क्रेनवाला टेबलावर आडवा. हे त्याच्या डोक्याशी उभे राहिले. त्याने वर बघितलं आणि त्याला दिसला तो सुजलेला काळानिळा चेहरा, ओठांमधून तारा. एवढा दांडगा माणूस, मुतला. माझा हात असा धरला की बोटं मोडतील. "हा नको. बाई, पाया पडतो, हा नको."

"हे आहेत म्हणून वाचशील," मी म्हटलं. "सोड हात."

यांनी मास्क ठेवला. तो धडपडला, मग झोपला.

पोटाचा पडदा कापला आणि रक्त उसळून माझ्या छातीपर्यंत आलं. टेबलावरून खाली, बुटांत. ओंजळीने काढलं. गाठी मुठीमुठीने जमिनीवर फेकल्या. आंधळ्यासारखा हात आत घातला, प्लीहेचा देठ बोटांत पकडला आणि चिमटा मारला. रक्त थांबलं. बाहेर काढली तेव्हा मधोमध चिरलेली होती, दोन तुकडे एका दोऱ्यावर लोंबावेत तशी. मार. सरळसरळ मार. एकच, नेमका, खालून वर.

कुणीतरी याला लाथ घातली होती, आणि दोन दिवस सगळे माझ्या तोंडावर खोटं बोलत होते. अख्खं हॉस्पिटल! डॉक्टरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना कळतं की रोग्याची हकीकत लपवली की रोगी मरतो. तरी लपवली.

टाके झाले. "उठवा," मी म्हटलं.

हे उठवेनात. हात भुलीच्या मशीनच्या चावीवर, नजर त्याच्या गळ्यावर. आमची रीत अशी की शेवटी मी मॉनिटरकडे बघत नाही, यांच्याकडे बघते. यांनी मान डोलावली की मी हातमोजे काढते. म्हणून बघत उभी राहिले. दुखत असेल, थकले असतील, असं वाटलं. बऱ्याच वेळाने मान डोलावली. क्रेनवाला खोकला.

१८ मार्च, रविवार

जगतोय. पाणी मागितलं.

१९ मार्च, सोमवार

आज वॉर्डबॉयना चादरींच्या खोलीत घेतलं आणि आतून कडी लावली. लाल ब्लँकेट हातात घेतलं. अंगावर धावून येणाऱ्या रोग्यावर ही मंडळी ब्लँकेट टाकतात आणि वरून धरतात. ती आमचीच शिकवण. ब्लँकेटवरून मारलं तर वळ उठत नाही, आणि आतल्याला मारणारा दिसत नाही. इतकी साधी गोष्ट मला शुक्रवारी सुचू नये!

"असंच ना?" मी विचारलं.

माना खाली.

"तो इथे पडलेला असताना गप्प बसलात. मेला असता. माझ्या हाताखाली मेला असता आणि जगाने मला खुनी म्हटलं असतं." मी ओरडत होते. एकाच्या कानाखाली वाजवली. लिहायला लाज वाटते, पण वाजवली. "नावं द्या. आत्ता पोलिसांना देते."

सगळ्यांत वयस्कर जो, त्याने माझ्या हातातलं ब्लँकेट घेतलं, घडी घातली आणि रॅकवर ठेवलं. म्हणाला, "आम्ही फक्त धरलं होतं, मॅडम. लाथ घालणाऱ्याचं नाव घरी विचारा."

कडी उघडायला मला दोन्ही हात लागले.

सगळ्यांना विचारलं होतं मी. हवालदाराला, सिस्टरला, वॉर्डबॉयना. शेजारी झोपणाऱ्याला विचारलं नाही. जबडा मोडलेल्या माणसाला काय विचारायचं?

२० मार्च, मंगळवार

विचारलं. लाथ घातल्याचं नाकारलं नाही. मग विचारलं, वाचवायचंच होतं तर दोन दिवस गप्प का बसलात आणि भूल द्यायला का आलात?

दातांतून, सावकाश म्हणाले, "वाचवायला नव्हतो आलो."

"मग उठवलात कशाला?"

"तू बघत होतीस."

उद्या सकाळी एक हर्निया आहे. भूल हेच देणार आहेत.