मळ की मळा

गुरुवार, संध्याकाळ. पिंपरी पेंढार.

बाबा आज भजनाला बसले. हे आधी लिहून टाकते.

पावसाळ्यापासून त्यांना कमी ऐकू येत होतं. ताल चुकायला लागला तसा त्यांनी आपला पखवाज भजनातल्या बबनकाकांना दिला. "आता बास," म्हणाले. वय झालं, असं आम्हीही धरून चाललो होतो.

मागच्या आठवड्यात नारायणगावला डॉक्टरांनी कानात पाहिलं. "आजोबा, मळ घट्ट बसलाय."

"मळा? मळा कुणालाच द्यायचा न्हाई."

डॉक्टर हसत सुटले. मग मोठ्यानं सांगितलं की काडीनं कान कोरू नका, मळ आणखी आत जातो. त्यांनी दिलेल्या थेंबांनी तो आठवडाभरात मऊ झाला. आज पाण्याच्या धारेनं निघाला. वाटाण्याएवढी काळी गोळी. एवढ्यानं माणूस भजन सोडतो? आणि मळा म्हणे. लिहितानाही हसू येतंय.

देवळात बाबांनी पखवाज मांडीवर ओढला, एक थाप मारली आणि मान वर केली.

"बबन, ह्यो सुरातनं लई उतरलाय. आन बहिरा मी व्हय?"

बबनकाकांनी सूर लावायची हातोडी पुढं केली.