चाकाला कोणी हात लावू नये

वटार,
१८ मार्च १९७९

पूज्य व्हिक्टरमामा,

तुम्हाला आणि मामींना माझा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का आणि मामींची साखर डॉक्टरांच्या मनासारखी आहे का, ते कळवावे. नाशिकची थंडी एव्हाना ओसरली असेल. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. (हे वाक्य आईने सांगितले म्हणून लिहिले. आमचा बैल, आमची विहीर आणि बाबा यांच्याविषयी पुढे लिहिते.)

नाताळात जेवणानंतर तुम्ही कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर बाबांना एक चित्र काढून दाखवलेत, ते तुम्ही विसरला असाल. बाबा विसरलेले नाहीत. एक लाकडी चाक आणि त्याच्या कडेला बिजागऱ्यांवर बसवलेले बारा हातोडे. उतरत्या बाजूचे हातोडे बाहेर पसरतात, चढत्या बाजूचे आत मिटतात, म्हणून उतरती बाजू कायम जड राहते आणि चाक आपले आपण फिरत राहते, असे तुम्ही समजावलेत. ते फिरत राहत नाही. कारण बाहेर पसरलेले हातोडे नेहमी थोडे असतात आणि आत मिटलेले जास्त, त्यामुळे दोन्ही बाजू बरोबरीला येतात. हे मी तेव्हाच सांगितले होते. पण मी ते भांडी घासता घासता सांगितले, आणि तुम्ही शिक्षक आहात.

बाबांना त्या चाकाची गरज का पडली, ते इतक्या लांबून कळणार नाही. आमचा सोन्या आता म्हातारा झाला. रहाटाला जुंपला की थोडे फेरे घेतो आणि मग उभा राहून आमच्याकडे असे बघतो की जुंपणाऱ्यालाच अपराध्यासारखे वाटते. त्याला विकण्याचा विषय बाबा काढू देत नाहीत. मोटरपंपाचा विषय काढला तर शेजारच्या वाडीकडे बोट दाखवतात. तिथे हरिश्चंद्रकाकांनी इंजिन बसवले तेव्हा इतके पाणी आले की केळींबरोबर रस्ताही भिजत असे. आता त्यांची विहीर खारट झाली आहे, केळीची पाने कडेने करपली आहेत आणि त्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून काकी पिण्याचे पाणी आमच्याकडून नेतात. रहाट पाणी हळू काढतो, त्यामुळे झऱ्यांना भरायला वेळ मिळतो, हे बाबांचे म्हणणे बरोबर आहे. माझे म्हणणे एवढेच की मोटरही हळू चालवता येते. अर्ध्या घोड्याची मोटर, लहानमोठ्या पुल्या आणि पट्टा लावला तर आपलाच रहाट बैलाच्या चालीने फिरेल. आराखडा तयार आहे. (वालीवच्या कारखान्यात मी दिवसभर हेच काम करते आणि तिथे लोक माझ्या आराखड्यांवरून लोखंड कापतात.) बाबांनी तो पाहिला, वाखाणला आणि म्हणाले, "मोटर ती मोटरच. आज हळू चालेल, उद्या तिला हरिश्चंद्राची संगत लागेल."

मग बाबांनी स्वतः चाक केले. ते फिरले नाही, तर लाकूड ओले होते म्हणाले. दुसरे केले, तर बिजागऱ्या वाकड्या. माझ्या लक्षात आले की सुतारकामात खोट काढता येते तोवर चाकात खोट आहे हे बाबा मानणार नाहीत. म्हणून मी ठरवले की चाक मीच करायचे, आणि असे करायचे की थांबले तर दोष द्यायला काही उरू नये. आईसमोर बोली झाली: माझे चाक थांबले, तर रहाटाला मोटर.

जुन्या रहाटाचे फणसाचे लाकूड घेतले. कारखान्यातून परवानगीने मोडीतल्या दोन बेअरिंग आणल्या, रॉकेलमध्ये धुतल्या. हातोडे एका वजनाचे हवेत म्हणून अर्नाळ्याहून मासळी घेऊन येणाऱ्या बायजामावशींच्या तागडीत एकेक घालून तासत बसले. त्यांची गिऱ्हाइके खोळंबली. "बाय, एका वजनाचे दोन बांगडे कोन मागत नाय," त्या म्हणाल्या, "तुला नवरा बघताना तुझ्या बापाला तागडीच घेऊन फिरायला लागेल." मी तासत राहिले.

माझी चूक इथे झाली. चाक चांगले झाले. रविवारी चर्चमधून मिस्साहून आल्यावर बाबांनी त्याला एक धक्का दिला आणि ते फिरू लागले, आवाज न करता. बघायला आलेल्यांनी चहा घेतला, चाक फिरतच होते. ते निघून गेले आणि गावभर सांगत सुटले. (अशा चाकाजवळ ते थांबेपर्यंत बसायला कोणाला वेळ असतो?) माझ्या हिशेबाने ते दुसरा चहा होईपर्यंत थांबायला हवे होते. संध्याकाळी फिरतच होते. सोमवारी मी कामावरून आले तेव्हाही. बाबा सोन्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी हिशेब पुन्हा केला. हिशेब बरोबर होता.

म्हणून मी रजा काढून ओट्यावर बसले. चाक स्वयंपाकघर आणि विहीर यांच्या वाटेवर आहे. आमच्या धाकट्या मायकलचा पाळणा जिथे टांगलेला असे, तीच जागा. आई कळशी घेऊन गेली, जाताना तिने कोपराने चाक ढकलले. येतानाही ढकलले. मी विचारले, तर म्हणाली, "मी कुठे हात लावला?" ती खोटे बोलत नव्हती. त्या जागेवरून जाताना झोका द्यायचा, ही तिच्या हाताची सवय आहे. पाळण्यातला आता मिशा ठेवतो, हे हाताला कोणी सांगितलेले नाही. हरिश्चंद्रकाका पाण्याला आले, त्यांनीही बोट लावले. म्हणाले, "देवळात शिरताना घंटा वाजवतो ना, तसं आपलं जरा." बायजामावशींनी डोक्यावरच्या मासळीच्या टोपलीला वाट करून घेण्यासाठी चाक सरळ ढकलले. मी "चाकाला कोणी हात लावू नये" अशी पाटी लिहून टांगली. ती वाचायला काका चाकावर टेकले.

काल मायकलने पाचूबंदरहून जुने जाळे आणले आणि मी ते चाकाभोवती बांधले. बाबांनी धक्का दिला, सर्वांना लांब बसवले. आईचे तांदूळ निवडून व्हायच्या आत चाक हळू झाले, एकदा मागे झुलले आणि थांबले. सोन्याने शेपटी हलवली. मी बाबांकडे बघितले. ते उठून जाळ्यापाशी गेले. मग म्हणाले, "माणसं लांब ठेवलीस म्हणून थांबलं. चाक घरात असतं, घरात माणसं असतात. त्यात चाकाचा काय दोष?"

पण उन्हाळा तोंडावर आहे, केळी उभ्या आहेत आणि सोन्या परवा रहाटाच्या वाटेतच बसला. तेव्हा मी माघार घेणार नाही. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची भाची,
डेल्फिन

ता. क. तुम्ही बाबांना एक पत्र लिहावे. चाक चुकीचे होते असे लिहू नका, ते पुढे वाचणार नाहीत. अशा चाकाला अधूनमधून हलका हात लागतोच, हे नाताळात सांगायचे राहिले, असे लिहा. आणि घरच्या माणसांना दिवसभर तिथे उभे राहणे जमत नसेल, तर तो हात अर्ध्या घोड्याचा असला तरी चालतो. मोटर हा शब्द शेवटच्या ओळीत घालावा. चित्र तुम्ही काढलेत, तेव्हा एवढे तुमच्याकडे लागते.

ता. क. २. जाळे सोडल्यापासून चाक पुन्हा फिरते आहे. तपासणीसाठी मी ते दोनदा ढकलले. तिसऱ्यांदा ढकलले ते तपासणीसाठी नव्हते. घरातला डिंक हातोड्यांनाच संपला, म्हणून पाकीट बाबा पोस्टात चिकटवतील. ते दुसऱ्यांची पत्रे वाचत नाहीत.

व्हिक्टर, वाचलं. पोरगी म्हणते तसंच लिहून धाड, मी मान्य करीन. पण लवकर लिही. सोन्या आज जुंपायला उठलाच नाय. हरिश्चंद्राला मी मोटर आणायला सांगितलीय, तो पुढच्या सोमवारी येतोय, त्याच्या आधी तुझं पत्र इथं पाहिजे. मी वाचलं ते डेल्फिनला कळवू नको. फार मेहनत केलीय तिने.
— सॅन्टन