नवव्या पानावरची चौकट

८ जानेवारी १९६२

साठे कारखान्यातून इंग्रजी पुस्तिका घेऊन आले. भात भरडायचं यंत्र आणि त्याला पट्ट्याने जोडायचं तेलाचं इंजिन, दोन्हींची माहिती. मराठी मी करायचं, छपाई आपल्याकडे. हे मागच्या खाटेवरून म्हणाले, "घे." डावी बाजू गेल्यापासून ह्यांचा सगळा छापखाना त्या एका 'घे' आणि 'नको'मध्ये आला आहे. बाकी मी आणि दाऊदभाई.

साठ्यांना चौकटी हव्यात. इंग्रजीत जिथे आहेत तिथे सगळीकडे. "वत्सलाबाई, चौकटीमुळे कशी कारखान्याची वाटते पुस्तिका. नाहीतर पोथी." साधी टीप एकेरी रेघेत, महत्त्वाची सूचना दुहेरीत, धोका असेल तिथे जाड काळी. दाऊदभाई अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता ऐकत होते. साठे गेल्यावर रेघा छापायच्या पितळी पट्ट्यांचा खण ओढून माझ्यापुढे ठेवला. एक पट्टी सरळ असेल तर शपथ.

दमले. शाळेत शिकवत होते तेव्हा निदान सुट्टीची घंटा तरी व्हायची.

११ जानेवारी

धोक्याच्या चौकटीला मथळा काय द्यायचा, इथेच अडले. 'खबरदार' लिहिलं. हे म्हणाले, फौजदार आल्यासारखं वाटतं. 'सावधान' म्हटलं की लग्न. शेवटी 'इशारा'. मधल्या प्रकाराला 'लक्षात ठेवा', शाळेच्या फळ्यावर लिहायचे तसं.

दाऊदभाईंनी पट्ट्या कानशीने घासल्या, तरी प्रुफात कोपऱ्याला फट दिसतेच. म्हणाले, "वैनी, चौकट म्हणजे चार भिंती. आपल्या प्रत्येक घराला एक भिंत पडलेली."

१६ जानेवारी

साठ्यांना प्रूफ आवडलं. म्हणून आणखी चौकटी. तेल कुठलं वापरावं, चौकट. सुटे भाग कारखान्याचेच घ्यावेत, चौकट. गैरवापराने नुकसान झाल्यास कारखाना जबाबदार नाही, ही जाड काळी, धोक्याची.

मी म्हटलं, "साहेब, सगळंच चौकटीत गेलं तर बाहेर काय राहणार?"

हसले. "बाहेर राहील ते नाही वाचलं तरी चालतं."

२५ जानेवारी

पुस्तिका गेल्या एकदाच्या. त्यातलं नववं पान तेवढं मनासारखं. 'इंजिन चालू असताना पट्ट्यास हात लावू नये', जाड चौकटीत, भोवती भरपूर मोकळी जागा. कोपरेसुद्धा जुळले.

पाठ धरली आहे. ह्यांना सकाळी तेल लावायचं राहिलं, त्यावरून दिवसभर बोलणी.

६ फेब्रुवारी

निवडणुकीची पत्रकं. प्रत्येकाला उद्याच हवीत.

दुपारी दाऊदभाईंचा मेहुणा पळस्प्याहून आला, त्याने बातमी आणली. नेऱ्याच्या गोमा पाटलाचा हात यंत्राच्या पट्ट्यात गेला. उजवा. मनगटाच्या वरून काढावा लागला. यंत्र नवं, ह्याच कारखान्याचं.

"यंत्राबरोबर पुस्तक होतं का?" मी विचारलं. मेहुणा माझ्याकडे बघतच राहिला. विचारायची ही वेळ होती का, असं त्याच्या तोंडावर.

७ फेब्रुवारी

साठे आले. चेहरा उतरलेला. उभ्याउभ्याच पुस्तिका काढली, नववं पान उघडलं. "आहे. छापलेलं आहे. जाड चौकटीत आहे." हेच दोनदा बोलले. मलाही हायसं वाटलं. खोटं कशाला लिहू.

मग जेवताना ताट अर्धंच ठेवलं. हे म्हणाले, "आपण छापलं होतं ना? मग?"

 रविवारी नेऱ्याला जाऊन येते म्हटलं. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

११ फेब्रुवारी, रविवार

एस.टी.ने गेले, पुढे पायी. दाऊदभाई बरोबर आले, रोजा असून. नको म्हटलं तर ऐकेनात.

गोमा पाटील ओटीवर बसलेला. साठीचा असेल. हाताला पांढरं गुंडाळलेलं, ते जिथे संपतं तिकडे बघवेना. मला पाहून उठायला लागला. त्याची बायको हिराबाई म्हणाली, "बसा हो तुमी, बसून ऱ्हावा." त्यांना वाटलं, कारखान्याची माणसं. मी म्हटलं, मी पुस्तक छापणारी.

 मग सून जानकी आतून पुस्तिका घेऊन आली. चौथी झालेली. घरात वाचता येणारी ती एकटीच. यंत्र आलं तेव्हा तिनेच सगळं मोठ्याने वाचून दाखवलं होतं. त्या दिवशी पट्टा सरकला तेव्हाही गोमाने हाक मारली, वाच गो, काय लिवलाय ते. ती दारात उभी राहून वाचत होती, हा यंत्रापाशी.

मी म्हटलं, तसंच वाच बघू आता.

वाचलं. स्वच्छ, न अडखळता. "पट्टा चाकावरून सरकल्यास तो हाताने पुन्हा जागेवर घ्यावा." आणि थांबली. "हितपरत वाचला. तवर यांनी हात घातला."

"आणि हे खालचं?"

"ता नाय वाचला. ता जाहिरातीचा वाटला मना. पेपरात चौकटीत जाहिरातच असते ना? ह्याच्यात पन पयली तेलाची हाय, मंग सामानाची हाय. मी बोलली, ही पन तसलीच."

हिराबाई म्हणाली, "आनि काली पट्टी. मानूस मेल्यावं छापतात तशी. मीच तिला बोलली व्हती, काल्या पट्टीतला घरात नको वाचू."

कोणी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. चहा दिला. दाऊदभाईंनी चहा नको म्हणून हात जोडले तेव्हा हिराबाईंना रोजा आठवला, त्यांनी दाऊदभाईंच्या रुमालात वालाच्या शेंगा बांधून दिल्या.

निघताना गोमा म्हणाला, "पुस्तक चांगला हाय तुमचा. अक्षर मोठा हाय."

परतीच्या गाडीत दाऊदभाई डोळे मिटून बसले होते. मीही.

१२ फेब्रुवारी

दिवसभर पत्रकं. मध्ये मध्ये नववं पान काढून बघत होते. आपण पान बघतो तेव्हा सगळं एकदम दिसतं, वरची ओळ, खालची चौकट. ऐकणाऱ्याला तसं कुठे? त्याला एकामागून एकच येणार. जानकीच्या तोंडून ज्या क्रमाने येईल त्या क्रमाने गोमाचा हात चालणार. इंग्रजीत चौकट खाली होती म्हणून मी खाली ठेवली. मोठ्याने एकदा वाचून बघितली नाही.

ह्यांना सांगितलं, ते पान बदलायचं. इशारा आधी, काम नंतर, आणि चौकट काढून टाकायची.

"साठे सांगतील तसं छापायचं. त्यांचं काम गेलं तर मागे काय राहतं? लग्नपत्रिका?"

"असू देत लग्नपत्रिका."

रागाने बोलले की ह्यांची जीभ जास्त जड होते. मग मी विषय सोडते. आजही सोडला.

१५ फेब्रुवारी

साठ्यांना नेऱ्याचं सगळं सांगितलं. नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असं करू. चौकट आणखी मोठी करू. लाल शाईत."

मी म्हटलं, मोठी जाहिरात होईल.

"मग काय करायचं म्हणता?"

"चौकट नकोच. पहिली ओळच ती. आधी इंजिन बंद करा."

"क्रम बदलला की आधीचा क्रम चुकला होता असं होतं. उद्या तो पाटील कोर्टात गेला तर?"

"जाऊ दे की."

 मग हळूच म्हणाले, "पुस्तिका मंजूर केली त्यावर माझी सही आहे हो." साठे वाईट माणूस नाही. चपलेचा अंगठा तारेने बांधलेला होता. मुंबईच्या मुख्य कचेरीला लिहून विचारतो म्हणाले.

उठताना टेबलाला हात टेकून उठले. आपण सगळेच असे झालोय.

२० फेब्रुवारी

मतदान झालं. पत्रकांची गर्दी संपली. दाऊदभाईंनी आपणहून विचारलं, "ते पान करायचं का, वैनी?"

एक चिठ्ठी केली, नवव्या पानावर चिकटवण्याजोगी. 'पट्टा सरकला तर आधी इंजिन बंद करा. चाक पूर्ण थांबू द्या. थांबल्यावरच पट्ट्याला हात लावा.' एवढंच. 'पट्ट्यास', 'सरकल्यास', 'नये' सगळं काढलं.

दाऊदभाई म्हणाले, "इतकं उघडं? कडेला एक बारीक रेघ तरी?"

"नको."

प्रूफ वाळत घातलं होतं. ह्यांनी मागितलं. मला वाटलं, फाडतील. उजव्या हाताने धरून मोठ्याने वाचायला लागले. आजारापासून एका दमात जास्त शब्द होत नाहीत. 'इंजिन बंद करा'पाशी दम घेतला. पुढचं वाचलं. 'थांबू द्या'पाशी पुन्हा थांबले. कागद परत देताना म्हणाले, "चालेल."

मी आत जाऊन उगीचच भांडी लावली.

२७ फेब्रुवारी

बाजाराला आलेली जानकी छापखान्यात डोकावली. भाजीची पाटी बाहेर ठेवून आत आली. चिठ्ठी दिली. तिने तिथेच मोठ्याने वाचली. मान हलवली.

मी म्हटलं, यंत्र बंदच असेल आता.

"बंद ठेवून कसा चालंल? मी चालवते. सासऱ्यांना एक हात, नवरा मिठागरात. आता वाचते पन मीच, नि हात पन माझाच."

 सहज बोलत होती. मग म्हणाली, "आनि कोंडा आरकला तर काय करायचा? ता तुमच्या चिठ्ठीत नाय."

अडकलेला कोंडा कसा काढायचा ते पुस्तिकेत आहे. चौदाव्या पानावर. चौकटीत. कामाच्या खाली.

तिला तोंडी सांगितलं, दोनदा सांगितलं. तिने जसंच्या तसं म्हणून दाखवलं. पाटी डोक्यावर घेऊन गेली. 

६ मार्च

पुस्तिका पहिल्यापासून काढली, एकेक पान मोठ्याने वाचत. हे खाटेवरून ऐकतात. जिथे ह्यांना समजत नाही तिथे म्हणतात, "परत." चौदावं पान तसंच, बारावं तसंच, इंजिनात तेल भरायचं तेही तसंच. आधी करायला सांगितलंय आणि मग चौकटीत घालून 'करू नये'. चिठ्ठीने काय होणार? पूर्ण पुस्तिकाच नव्याने लिहायला हवी. कोणी सांगितलेलं नाही. तरी लिहायला घेतली.

संध्याकाळी साठे. कचेरीतून उत्तर नाही. चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. एक उचलून वाचली. चष्मा काढून पुसला, परत वाचली.

"चिकटवाल?" मी विचारलं.

"बघतो."

"नाहीतर पुस्तिका इकडे पाठवा, आम्ही चिकटवतो."

"बघतो म्हटलं ना, वत्सलाबाई." आवाज चढला, मग त्यांचं त्यांनाच लाजल्यासारखं झालं. गठ्ठा पिशवीत घातला. हो म्हणाले नाहीत. पण ठेवूनही गेले नाहीत.

९ मार्च

दाऊदभाईंकडून शिरखुर्मा आला. ह्यांनी वाटीभर खाल्ला, किती दिवसांनी. दाऊदभाई सुट्टीवर, मेहुण्याकडे जाणार आहेत. छापखाना बंद ठेवला. मी दिवसा झोपले. उठले तेव्हा कुठला वार ते कळेना.

१४ मार्च

दाऊदभाई आज कामावर आले. आल्या आल्या टोपीसुद्धा न काढता सांगितलं. पळस्प्याच्या नाक्यावर कारखान्याचा ट्रक उभा होता, नवी यंत्रं भरून. गोव्याच्या रस्त्याला लागणार, पेण, महाड, तिकडे. दाऊदभाईंनी जाऊन ड्रायव्हरला विचारलं, बरोबर पुस्तकं दिलीत का.

"खोक्यात असतील."

"त्यात चिठ्ठी चिकटवलेली आहे का, बघू देता का जरा?"

"खोकी खिळे ठोकून बंद आहेत, चाचा."

चहा पिऊन ट्रक गेला. दाऊदभाई म्हणाले, मी मागच्या फळीला हात लावून उभा होतो, वैनी. काय करणार?

काय करणार.

साठ्यांकडे माणूस पाठवला. रजेवर आहेत. कधी येतील ते कचेरीत कोणाला माहीत नाही. चिठ्ठ्यांबद्दलही कोणाला काही माहीत नाही.

दुपारी चौदावं पान लिहून झालं. ह्यांना वाचून दाखवलं. एकदाही 'परत' म्हणाले नाहीत, मग पाहिलं तर झोप लागली होती.

तिकडे पेणच्या पुढे कुठल्यातरी अंगणात आज-उद्या ते खोकं उघडतील. घरातलं शिकलेलं कोणीतरी पुस्तक हातात घेईल आणि बाकीचे यंत्रापाशी उभे राहून ऐकतील.