मदतीपुरती घरगुती

प्रिय टिल्लू,

हॉटेल महासंघाच्या सरचिटणिसाला टिल्लू म्हणायचं नसतं, एवढं मला कळतं. पाकिटावर तुझं पूर्ण नाव आणि पद नीट लिहिलंय, तेव्हा आत तरी मला मोकळं बोलू दे. फोन केला की तू 'ताई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो' म्हणतोस आणि तुझा तो नंतर काही उजाडत नाही. पत्राला तसं सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

आधी घरची खबर घे. आपला लॉज उघडा आहे, म्हणजे दार उघडं आहे. सात खोल्यांपैकी दोनच लागल्यात. साथीमुळे दोन हंगाम कोरडे गेले. यंदा लोक यायला लागले, पण ते थेट तलावापलीकडे, तुमच्या अध्यक्षांच्या मोठ्या हॉटेलात. स्वयंपाकघर अजून मावशीच सांभाळते, एकोणीस वर्षं झाली तिला. पाच नंबरचा गीझर पुन्हा बिघडलाय. तिथल्या म्हाताऱ्या जोडप्याला ती रोज सकाळी बादलीनं गरम पाणी पोचवते आणि ते थँक्यू म्हणाले की नव्या नवरीसारखी लाजते. सरकारच्या मदत योजनेत आपलं नाव लागलं नाही तर महिनाअखेर मला कुलूप लावावं लागेल, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

ही मदत मागायला गेलो होतो, तो मंत्र्यांच्या दालनाबाहेरचा दिवस तुला आठवत असेलच. आदल्या दिवशी तू फोन केलास, ताई, नवा कोट नको घालूस, तो कोपरावर रफू केलेला निळा स्वेटर घाल. मी वैतागले, पण घातला. बाकांवर महासंघाचे सहाजण बसले होते, सगळे कडक इस्त्रीचे. अध्यक्षांच्या बुटात बघून तर भांग पाडता आला असता. त्यांनी स्वतः उठून मला जागा दिली, म्हणाले, या या, आमच्या शिष्टमंडळाचा चेहरा तुम्हीच! मी भोळी, खूश झाले. आत गेल्यावर त्यांच्यापैकी कोणी फारसं तोंड उघडलं नाही. तू मला कोपरानं ढोसलंस आणि मी बोलत सुटले. आई गेल्यावर लॉज कसा चालवला, पाहुणा नसतानाही सगळ्या खोल्यांच्या चादरी दर आठवड्याला का बदलत राहिले, सगळं सांगितलं. मंत्र्यांनी आपली अभिप्रायवही चाळली, चष्मा काढून पुसला. तुझ्या निवेदनात आपल्यावर अख्खा परिच्छेद होता आणि त्यात 'घरगुती' हा शब्द चार वेळा. घरगुती जेवण, घरगुती आपुलकी, आणखी काय काय. घरी आल्यावर तो परिच्छेद मी मावशीला दोनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, पोरगं घर विसरलं नाही हो.

मदत मंजूर झाली. विजेच्या दरात सूट, कामगारांचा अर्धा पगार, परवान्याची फी माफ. मी त्याच आठवड्यात अर्ज घेऊन पर्यटन विभागात गेले. खिडकीतल्या कारकुनानं तो तसाच परत सरकवला. म्हणे, बाई, 'घरगुती स्वरूपाचे निवास वगळून' असं आदेशात लिहिलंय, आणि तुमच्याच महासंघानं तुम्हाला घरगुती म्हटलंय. माझ्या डोक्यात तिडीक गेली. वीज कंपनीला मी व्यावसायिक, गॅसवाल्याला व्यावसायिक, पाणीपट्टी घेताना पालिकेला व्यावसायिक, आणि मदत वाटायची वेळ आली की मी घरगुती? तिथेच मोठ्यानं बोलले मी हे. रांगेतले दोघे हसले, पण कारकून नाही हसला.

फोनवर तू म्हणालास, शब्दाचा घोळ झाला ताई, हे सरकारी लोक शब्दाचा कीस पाडतात, मी बघतो. मी विश्वास ठेवला. आपल्या गावात माझ्यासारखे आणखी दहा लॉजवाले आहेत, सगळ्यांचे अर्ज त्याच एका शब्दावर परत आलेत. ते तुझ्या नावानं बोटं मोडत होते, तेव्हा मी त्यांना गप्प केलं. माझा भाऊ याच धंद्यावर मोठा झालाय, तो आम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही, असं चारचौघांत सांगितलं.

गेल्या आठवड्यात पुन्हा खेप घातली. कारकून तसा वाईट माणूस नाही. माझं गाऱ्हाणं ऐकून कंटाळला आणि त्यानं फाइलच माझ्यापुढे फिरवली. विभागानं महासंघाला विचारलं होतं, घरगुती निवास या योजनेत धरायचे का? उत्तर दोन ओळींचं. 'निवेदनातील घरगुती निवासांचा उल्लेख केवळ उदाहरणादाखल आहे. त्यांचा समावेश अपेक्षित नाही.' खाली तुझी सही. अरे, त्या दालनात रफूचा स्वेटर घालून तुझी बहीण बसली होती! मोठ्या हॉटेलांना काही मिळू नये असं माझं म्हणणं नाही, तिथेही माणसंच राबतात. पण मागायला जाताना आमची फाटकी बाजू पुढे करायची आणि पदरात पडलं की आम्हालाच दाराबाहेर काढायचं, याला लबाडी म्हणतात, टिल्लू. अध्यक्षांनी दटावलं असेल, नोकरीची भीती वाटली असेल. मग तसं मला तोंडावर सांगायचंस. मी भांडले असते, रडलेही असते, पण तुझ्यासाठी चारचौघांत खोटी पडले नसते.

आता हे सगळं आजच का लिहिलं ते सांगते. आम्ही अकरा जणांनी हरकत घेतली आहे, अर्जावर पहिलं नाव माझं. येत्या मंगळवारी सकाळी अकराला विभागात सुनावणी आहे. असं पत्र आमच्याकडून गेलंच नाही, सही बनावट असणार, असं बोभाट्याच्या भीतीनं तुमचे अध्यक्ष आतापासून सांगत सुटलेत. तू गप्प आहेस. तेव्हा सुनावणीत साहेब ते पत्र माझ्यापुढे धरतील आणि विचारतील, ही सही तुमच्या भावाची का? तुझं बँकेत पहिलं खातं उघडायचं होतं, तेव्हा लॉजच्या टेबलावर बसून सही मीच तुझ्याकडून गिरवून घेतली होती. शेवटच्या अक्षराखालचा तो फराटा तू माझ्या सहीतून उचललास. मी हो म्हणणार आहे. मग अध्यक्ष सगळं तुझ्या एकट्यावर ढकलतील आणि तुझी नोकरी जाईल हे मला माहीत आहे, आणि हो म्हणताना माझा जीव किती तुटेल हे तुला माहीत आहे. सोमवारी संध्याकाळपर्यंत तू स्वतः जाऊन ते पत्र मागे घेतलंस, तर मला कोणी काही विचारणार नाही. हे शनिवारी तुझ्या हातात पडेल. मधे रविवार आहे, विचार करायला तेवढा पुरे.

काहीही केलंस तरी तुझीच,
ताई